स्टेलमेट बरोबरीतच का सुटावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांचे पालक, क्लब पातळीवरचे खेळाडू आणि स्पर्धांत नव्याने पंचाचे काम करू लागलेले कार्यकर्ते स्टेलमेटबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नियमाचे आहेत, मधले वादाचे आणि शेवटचे अडचणीच्या प्रसंगांचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरांची नावे आंतरराष्ट्रीय पद्धतीची, म्हणजे पांढऱ्याच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यातील ए१ पासून एच८ पर्यंत अशी आहेत.

१. स्टेलमेट म्हणजे नेमके काय?

ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण त्याला नियमात बसणारी एकही खेळी उपलब्ध नाही, अशी स्थिती म्हणजे स्टेलमेट. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमावलीतील कलम ५.२.१ नुसार असा डाव तत्काळ बरोबरीत संपतो आणि दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. सर्वांत सोपे उदाहरण पटावर मांडून पाहावे: काळ्याचा एकटा राजा एच८ वर, पांढऱ्याचा वजीर जी६ वर आणि खेळी काळ्याची. वजीर जी८, जी७ आणि एच७ ही तिन्ही घरे धरून आहे, पण खुद्द एच८ वर त्याचा मारा नाही. पांढऱ्याचा राजा पटावर कोठेही असला तरी डाव संपला.

२. मात आणि स्टेलमेट यांत फरक फक्त शहाचाच आहे ना? मग निकालात एवढी तफावत कशी?

होय, फरक तेवढाच आहे. मातीत राजावर हल्ला झालेला असतो आणि सुटका नसते. स्टेलमेटमध्ये हल्ला झालेला नसतो, पण हलायला जागा नसते. आजचा नियम असे मानतो की डाव जिंकायचा तर राजाला गाठून त्याच्यावर हल्ला करावाच लागेल, नुसते कोंडून भागणार नाही. ही भूमिका तर्काने सिद्ध होत नाही. ती परंपरेने स्वीकारलेली आहे आणि तिच्याविरुद्धचा युक्तिवाद कच्चा नाही. तो प्रश्न ५ मध्ये पाहावा.

३. माझे मोहरे पटावर आहेत, पण ते पिन झाल्यामुळे हलू शकत नाहीत. हाही स्टेलमेट धरायचा का?

धरायचा. मोहरे किती उरले आहेत हा प्रश्नच नाही; नियमात बसणारी खेळी आहे की नाही एवढेच पाहायचे. जो हत्ती हलवला तर स्वतःच्या राजाला शह बसतो, त्याची खेळी नियमबाह्य ठरते, म्हणून ती मोजली जात नाही. समोरच्या मोहऱ्याने अडवलेले प्यादेही असेच. उलट, एखादी खेळी कितीही आत्मघातकी असली तरी ती नियमात बसत असेल तर स्टेलमेट झालेला नाही आणि ती खेळावीच लागते.

४. हा नियम पहिल्यापासून असाच आहे का?

मुळीच नाही. मोहऱ्यांच्या चाली सोडल्या तर बुद्धिबळात इतक्या वेळा पालटलेला नियम क्वचितच सापडेल. नवव्या शतकातील अरबी खेळाडू आणि ग्रंथकार अल-अदली याने नोंदवले आहे की भारतीय खेळात ज्याचा राजा कोंडला गेला तोच जिंकत असे. म्हणजे कोंडणाऱ्याला त्याच्या निष्काळजीपणाची शिक्षा. खुद्द अरबी शतरंजमध्ये मात्र सामान्यतः उलटे होते: कोंडणारा जिंकत असे, आणि प्रतिस्पर्ध्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडला तरीही डाव जिंकला जात असे. आपल्याकडच्या देशी डावात राजा एकटा उरला की त्याला ‘बुर्जी’ म्हणत आणि त्याचा निकाल मातीपेक्षा वेगळा धरत, हे जुन्या पिढीतील पुष्कळांना आठवत असेल.

युरोपातही एकवाक्यता नव्हती. स्पेनमध्ये सोळाव्या शतकापर्यंत स्टेलमेट हा कनिष्ठ प्रतीचा विजय मानला जाई आणि पैजेच्या डावात त्याला निम्मी रक्कम मिळे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या प्रारंभापासून सुमारे २०० वर्षे अगदी उलटा नियम होता: ज्याने कोंडले तो हरला. अल-अदलीने नोंदवलेल्या नियमाशी त्याचे साम्य थक्क करणारे आहे. इटली आणि फ्रान्समध्ये बरोबरीचा नियम रुजला होता. लंडनने तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, मुख्यतः जे. एच. सॅरॅट यांच्या प्रभावाने स्वीकारला आणि नंतर तोच सर्वत्र रूढ झाला. त्यामुळे ‘हजारो वर्षांची परंपरा मोडू नका’ हा बचाव टिकणारा नाही. आजच्या रूपातली सार्वत्रिक परंपरा जेमतेम २०० वर्षांची आहे.

५. समोरच्याचा एकटा राजा, माझ्याकडे वजीर आणि दोन हत्ती, तरी अर्धाच गुण. हा अन्याय नाही का?

या प्रश्नात दोन वेगळे मुद्दे मिसळलेले असतात.

पहिला तर्काचा. बुद्धिबळाचा हेतू राजा मारणे हा आहे. मात म्हणजे ‘पुढच्या खेळीला राजा मारला जाणार’ याची आगाऊ दिलेली कबुली. मग कोंडलेल्या खेळाडूला हलायला लावले तर त्याचाही राजा पुढच्याच खेळीला मारला जाईल. अमेरिकेचे ग्रँडमास्टर लॅरी कॉफमन यांनी याच आधारावर बरोबरीचा नियम अतार्किक ठरवला आहे: ज्या स्थितीत प्रत्येक खेळी नुकसानीचीच असते, तिला आपण एरवी खेळणाऱ्याच्या विरुद्ध धरतो, आणि स्टेलमेट हे त्याचेच टोक आहे. एवढ्यापुरते कॉफमन बरोबर आहेत, असे आमचे मत आहे. त्यांच्या तर्काला तर्काने उत्तर देता येत नाही.

दुसरा मुद्दा न्यायाचा, आणि तो मात्र आम्हाला पटत नाही. वजीर आणि दोन हत्ती जवळ असताना ज्याला मात करता आली नाही, त्याच्यावर नियमाने अन्याय केला असे म्हणता येत नाही. त्याला जिंकण्याच्या अनेक वाटा खुल्या होत्या. जास्त मोहरे असणे हा विजय नसून विजयाचे साधन आहे, ही गोष्ट बुद्धिबळ पहिल्या दिवसापासून शिकवते. स्टेलमेट बदलावा असे म्हणणाऱ्यांनी गाफील खेळाडूची कड घेऊ नये. त्यांची बाजू तर्कावर अधिक भक्कम उभी आहे.

६. मग स्टेलमेटला विजय मानायला हरकत काय?

हरकत अशी की त्यामुळे चुकून झालेले स्टेलमेट सुधारतील, पण त्याबरोबर डावाच्या अखेरीचे सगळे शास्त्र बदलून जाईल. पटावर प्रत्यक्ष स्टेलमेट क्वचितच होतो. पण होऊ शकतो या शक्यतेवर बचावाच्या असंख्य पद्धती उभ्या आहेत.

राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, हा प्रत्येकाने शिकलेला पहिला धडा घ्या. पांढऱ्याचा राजा डी६ वर, प्यादे ई६ वर, काळ्याचा राजा डी८ वर, खेळी पांढऱ्याची. प्यादे ई७ वर सरकून शह देते, काळा ई८ वर येतो. आता पांढऱ्याला प्यादे राखायचे तर राजा ई६ वरच न्यावा लागतो, आणि तो नेताच काळा कोंडला जातो: डाव बरोबरीत. हीच मांडणी, फक्त काळ्याचा राजा डी८ ऐवजी ई८ वर आणि खेळी पांढऱ्याचीच, असे करून पाहा. आता प्यादे ई७ वर येताना शह बसत नाही, काळ्याला एफ७ वर जाणे भाग पडते, पांढरा राजा डी७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. एका घराच्या फरकाने निकाल फिरतो. दोन राजांनी एकमेकांसमोर उभे राहण्याचे, कोणी आधी हलायचे याचे जे बारीक गणित आपण मुलांना घोटून शिकवतो, त्याचा बहुतेक अर्थ या एका फरकात आहे. स्टेलमेट विजय ठरला तर दोन्ही स्थितींत पांढरा जिंकतो आणि ते गणित जवळजवळ निरुपयोगी होते. त्याचा परिणाम मागेही पसरतो: एक प्यादे जास्त असणे एवढ्यावर डाव निकालात निघू लागला, तर मधल्या डावात प्यादे देऊन हल्ला करणे आजच्यापेक्षा कितीतरी धोक्याचे होईल. आमचा नियमबदलाला विरोध आहे तो मुख्यतः एवढ्यासाठी.

७. प्याद्याच्या डावांखेरीज आणखी कोणते निकाल बदलतील?

वजीर विरुद्ध सातव्या घरात पोहोचलेले प्यादे, हा एक. समजा काळ्याचे प्यादे सी२ वर आणि राजा बी१ वर आहे. पांढऱ्या वजिराने बी३ वरून शह दिला की काळा प्यादे राखत बसत नाही; तो सरळ ए१ च्या कोपऱ्यात जातो, कारण वजिराने सी२ वरचे प्यादे मारले तर काळा कोंडला जातो. उंटाच्या आणि हत्तीच्या प्याद्यांचे हे सुप्रसिद्ध बचाव नाहीसे होतील.

दुसरा, कडेचे प्यादे आणि त्याच्या बढतीच्या घरावर मारा नसलेला उंट. काळ्याचा राजा एच८ च्या कोपऱ्यात बसला आणि पांढऱ्याकडे एच-प्यादे व पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट असेल, तर आज डाव बरोबरीत सुटतो. नियम बदलला तर पांढऱ्याने राजा जी६ वर आणून उंटाने जी८ धरायचे, आणि जिंकायचे.

तिसरा, दोन घोडे विरुद्ध एकटा राजा. दोन घोड्यांना मात लादता येत नाही, पण स्टेलमेट लादता येतो. बदललेल्या नियमात तो डाव जिंकलेला ठरेल. एकट्या उंटाने किंवा एकट्या घोड्याने कोंडण्याच्या स्थिती पटावर मांडता येतात, पण बचाव करणारा सावध असेल तर सर्वसाधारणपणे त्या लादता येत नाहीत.

८. स्टेलमेटमुळे खेळाला सौंदर्य येते असे म्हणतात. एखादे ठोस उदाहरण आहे का?

१८९५ साली ग्लासगोमध्ये प्रसिद्ध झालेली साव्हेद्रा यांची स्थिती. साव्हेद्रा हे तेथे राहणारे स्पॅनिश धर्मगुरू होते आणि बुद्धिबळाच्या इतिहासात त्यांचे नाव या एका खेळीमुळे राहिले. पांढऱ्याचा राजा बी६ वर, प्यादे सी६ वर. काळ्याचा राजा ए१ वर, हत्ती डी५ वर. खेळी पांढऱ्याची. प्यादे सी७ वर जाते आणि काळा हत्ती डी-पट्टीवरून शह देत राजाला खाली ढकलत नेतो: बी५, बी४, बी३, आणि अखेर सी२. येथे शह संपतात, पण काळा डी४ वर हत्ती ठेवून सापळा लावतो. प्याद्याचा वजीर केला तर काळा सी४ वर हत्ती फेकून शह देतो. वजिराने तो मारताच काळा राजा कोंडला जातो, कारण बी१ आणि बी२ पांढऱ्या राजाने धरलेली आहेत आणि ए२ वजिराने. डाव बरोबरीत, असे सर्वांनी मानले होते.

साव्हेद्रांनी दाखवले की प्याद्याचा वजीर न करता हत्ती करावा. आता सी४ वरचा शह निरुपयोगी होतो, कारण हत्तीने तेथे मारले तरी ए२ मोकळे राहते. पांढऱ्याची धमकी आहे ए८ वरून मातीची. काळ्याला हत्ती ए४ वर आणून ती अडवावी लागते, आणि पांढरा राजा बी३ वर येऊन एकाच वेळी त्या हत्तीवर हल्ला करतो आणि सी१ वरच्या मातीची धमकी देतो. काळा दोन्ही सांभाळू शकत नाही. स्टेलमेट विजय असता तर येथे कोणीही डोळे मिटून वजीर केला असता, सी४ वरचा हत्ती मारून डाव जिंकला असता आणि ही स्थिती कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

९. हरत असताना मुद्दाम स्टेलमेटसाठी खेळणे खिलाडूवृत्तीला धरून आहे का?

पूर्णपणे धरून आहे. तो बचावाचा एक प्रकार आहे आणि त्यासाठी बहुधा जिंकण्याइतकीच कल्पकता लागते. १९६३ च्या अखेरीस न्यू यॉर्कला सुरू झालेल्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी इव्हान्स हे सॅम्युएल रेशेव्हस्की यांच्याविरुद्ध हरण्याच्या बेतात होते. ४८व्या खेळीला रेशेव्हस्कींनी जी३ वरचे प्यादे वजिराने मारले आणि इव्हान्सना हवी ती संधी मिळाली: त्यांनी जी८ वर शह देत वजीर फुकट दिला, मग हत्तीने जी७ वर मारून आणखी एक शह दिला. राजाने हत्ती मारला तर पांढऱ्याला, म्हणजे इव्हान्सना, खेळीच उरत नाही. न मारला तर हत्ती सातव्या ओळीवरून शह देतच राहतो. हेच इव्हान्स पुढे स्टेलमेटला विजय मानण्याच्या सूचनेचे कडवे विरोधक होते. त्यांची बाजू निःपक्षपाती नव्हती, हे मान्य करायला हवे.

१०. विश्वविजेतेपदाच्या पातळीवर स्टेलमेट कधी झाला आहे का?

झाला आहे. १९७८ साली फिलिपिन्समधील बागियो येथे कोर्चनोई आणि कार्पोव्ह यांच्या सामन्यातील पाचवा डाव १२४ खेळ्या चालला आणि स्टेलमेटने संपला. कोर्चनोईंजवळ अखेर कडेचे प्यादे आणि त्याला निरुपयोगी असा उंट उरला होता. कारण प्रश्न ७ मध्ये आले आहे. खेळ्यांच्या संख्येचा तो विक्रम २०२१ मध्ये दुबईत कार्लसन–नेपोम्नियाची सामन्यातील १३६ खेळ्यांच्या सहाव्या डावाने मोडला.

भारतीय वाचकांना २००७ चे उदाहरण जवळचे वाटेल. मेक्सिको सिटीतील ज्या स्पर्धेत विश्वनाथन आनंद विश्वविजेता झाला, तिच्यात क्रामनिकविरुद्धचा त्याचा डाव ६५व्या खेळीला स्टेलमेटने सुटला. काळ्याकडून खेळणाऱ्या क्रामनिकने एफ५ वर राजाने मारले आणि आनंदला खेळी उरली नाही. मौज अशी की क्रामनिकला दुसरी कोणतीही खेळी केली असती तर डाव गमवावा लागला असता. म्हणजे येथे स्टेलमेट हा कोंडणाऱ्याचा बचाव होता. नियम उलटा असता तर हीच जीव वाचवणारी खेळी विजयाची ठरली असती. स्टेलमेट करणारा नेहमी वरचढच असतो, असे गृहीत धरणाऱ्यांनी हा डाव जरूर पाहावा.

११. पूर्ण गुण नको, पण वरचढ खेळाडूला थोडे जास्त गुण दिले तर?

ही सूचना जुनी आहे आणि सर्व पर्यायांत तीच गंभीरपणे विचारात घेण्याजोगी आहे. माजी विश्वविजेते इमॅन्युएल लास्कर आणि नामवंत खेळाडू रिचर्ड रेटी यांनी असे सुचवले होते की कोंडणाऱ्याला पाऊण आणि कोंडल्या गेलेल्याला पाव गुण द्यावा. त्यामुळे मातीचा मान कायम राहतो आणि बचाव करणाऱ्यालाही काहीतरी मिळते. परंतु प्रश्न १० मधील आनंद–क्रामनिक डावात पाऊण गुणाचा मानकरी कोण, याचे पटण्याजोगे उत्तर या सूचनेत नाही.

१२. असे केल्याने बरोबरीत सुटणाऱ्या डावांचे प्रमाण कमी होईल का?

वरच्या पातळीवर फारसे नाही. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीतील संशोधकांनी २०२० मध्ये अल्फाझीरो या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रणालीला बदललेल्या नियमांचे अनेक प्रकार खेळायला लावले. त्यांत स्टेलमेट म्हणजे विजय हाही एक होता. या कामात खुद्द क्रामनिक सहभागी होते. निष्कर्ष असा निघाला की या बदलाचा सुरुवातीच्या आणि मधल्या डावावर अल्प परिणाम होतो. बदल दिसतो तो विशिष्ट अंतिम स्थितींमध्ये. कारण उघड आहे: तुल्यबळ खेळाडूंचे बहुतेक डाव तिथवर पोहोचण्याच्या आधीच, खेळ्यांच्या पुनरावृत्तीने किंवा परस्पर संमतीने, बरोबरीत सुटतात. बरोबरीच्या साथीवर औषध म्हणून हा उपाय सुचवणाऱ्यांचा रोग निराळा आहे.

१३. खेळी नसेल तर एक पाळी सोडून द्यावी, एवढा साधा उपाय का करत नाहीत?

कोरियाच्या जांगी या खेळात पाळी सोडता येते. आपल्या बुद्धिबळात तसे केले तर कोंडलेल्याला मदत होईल असे वाटते, पण होते उलटेच. प्रश्न ६ मधील पहिली स्थिती घ्या: पांढरा राजा ई६, प्यादे ई७, काळा राजा ई८. काळ्याने पाळी सोडली की पांढरा राजा डी६ वर मागे येतो. आता काळ्याला एफ७ ही खेळी उपलब्ध झाली, म्हणून ती करावीच लागते, आणि डी७ वर येऊन पांढरा जिंकतो. पाळी सोडण्याची सवलत म्हणजे स्टेलमेटला मागच्या दाराने विजय ठरवणेच आहे.

१४. इतर खेळांत काय करतात?

चिनी शियांगचीमध्ये ज्याला खेळी उरत नाही तो हरतो. ड्राफ्ट्समध्येही तसेच. तेथे ते शोभतेही, कारण त्या खेळांचे अंतिम डाव त्याच पायावर रचले गेले आहेत.

१५. एकच खेळी शिल्लक आहे आणि ती ‘आं पासां’ मारण्याची (म्हणजे दोन घरे सरकून शेजारी आलेले प्यादे, ते एकच घर सरकले असे धरून, प्याद्याने मारण्याची). ती मी नाकारून स्टेलमेट मागू शकतो का?

नाही. आं पासां मारणे एरवी ऐच्छिक असले तरी ती नियमात बसणारी खेळी आहे. दुसरी कोणतीच खेळी नसेल तर ती सक्तीची होते.

१६. वजिराला हात लावला आणि मग दिसले की स्टेलमेट होतोय. आता?

हात लावलेले मोहरे हलवता येत असेल तर तेच हलवावे लागते. परंतु ते घरात ठेवून हात सोडेपर्यंत घर बदलण्याची मुभा आहे. तेव्हा वजिराला दुसरे घर शोधावे. हात सुटला की डाव संपला, घड्याळ दाबले नसले तरी.

१७. स्टेलमेट झाला आणि त्याच क्षणी माझी वेळ संपली. निकाल काय?

स्टेलमेट करणारी खेळी पटावर पूर्ण झाली त्याच वेळी डाव संपतो. त्यानंतर घड्याळात काय झाले याला महत्त्व नाही. खेळी पूर्ण होण्याआधीच वेळ संपल्याचे पंचांच्या लक्षात आले किंवा प्रतिस्पर्ध्याने रीतसर दावा केला, तर मात्र तो वेळेचा निकाल होतो. आणि तेव्हाही समोरच्याला कोणत्याही खेळ्यांनी मात करणे शक्यच नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. हा वेगळा नियम आहे, त्याला स्टेलमेट म्हणू नये.

१८. स्टेलमेट झाल्याचे दोघांच्याही लक्षात आले नाही आणि कोंडलेल्याने डाव सोडून दिला. पंचांनी काय करावे?

बरोबरी द्यावी. डाव आधीच संपलेला असल्यामुळे नंतरचा राजीनामा निरर्थक ठरतो, आणि नंतर चुकून काही खेळ्या झाल्या असतील तर त्याही. अपवाद एकच: स्टेलमेट करणारी खेळी स्वतःच नियमबाह्य असेल तर कलम ५.२.१ लागू होत नाही. ती खेळी रद्द करून आधीची स्थिती पुन्हा मांडावी आणि नियमबाह्य खेळीबद्दलची शिक्षा देऊन डाव पुढे चालू ठेवावा. म्हणून निकालपत्रकावर सही घेण्यापूर्वी पंचांनी शेवटची स्थिती आणि शेवटची खेळी दोन्ही स्वतः तपासावीत, विशेषतः लहान मुलांच्या स्पर्धेत, जेथे एकाने ‘मात’ म्हटले की दुसरा हात पुढे करून मोकळा होतो.